चालण्याची सुटी : जागा निवडताना काय पाहावे?

आपल्या वस्तीतल्या माणसाला चालायला शिकवावे लागत नाही. धुणीभांड्यांची चार घरे, मजुरांचा ठिय्या, शेतातली निंदणी-सोंगणी, ऊसतोडीचा फड, रेशनची रांग, यांत दिवसाकाठी चार-पाच किलोमीटर सहज पायाखालून जातात. म्हणून शुगर-बीपीच्या तपासणीनंतर डॉक्टर "रोज चालत जा" म्हणाले की आपल्या आया-बहिणी हसतात. दिवसभर चालतोच की, आणखी किती चालायचे?

पण कामाचे चालणे घाईचे, ओझ्याचे आणि उन्हातले असते. डोक्यावर भारा, कडेवर लेकरू, पायात झिजलेली चप्पल आणि मनात मुकादमाची किंवा मालकिणीची वेळ. त्यात शरीर झिजते आणि मन मोकळे होत नाही. हात मोकळे, श्वास संथ, जवळ पाणी, बरोबर आपली माणसे आणि पोचायची घाई नाही, असे चालणे आपल्या घरांच्या वाट्याला क्वचित येते. हे चालणे दोन दिवस सलग मिळावे म्हणून मुद्दाम काढलेली सवड म्हणजे चालण्याची सुटी. शहरातले पैसेवाले लोक त्यासाठी महाबळेश्वर-माथेरानला जातात. देऊळगाव राजा आणि आजूबाजूच्या कुटुंबांना तेवढे लांब जायची गरज नाही. मात्र जागा निवडताना चूक झाली तर सुटीची दगदग होते आणि आजारी माणूस जास्त आजारी होऊन परततो. म्हणून या महिन्याच्या आरोग्य पानात जागा निवडण्याचा अभ्यास करू.

आधी माणसे मोजा, मग जागा ठरवा

आपल्याकडे सहल ठरते ती उलट्या क्रमाने. कुणीतरी मोबाईलवर फोटो पाहतो, तरुण पोरे गाडी ठरवतात आणि आजी-आजोबांना "तुम्ही गाडीतच बसा" असे सांगितले जाते. चालण्याच्या सुटीत नियम असा की सगळ्यांत हळू चालणाऱ्या माणसाला झेपेल तीच जागा निवडायची.

कागदावर घरातल्या प्रत्येकाचे नाव लिहा आणि तीन गोष्टी नोंदवा. न थांबता किती वेळ चालता येते? पायऱ्या उतरताना गुडघा दुखतो का? कोणती गोळी किंवा इंजेक्शन चालू आहे? आजी पंधरा मिनिटे चालून बसत असेल तर तिच्यासाठी दर पंधरा मिनिटांवर बसायची जागा असलेली वाट हवी. सहा-सात वर्षांचे मूल चालते भरपूर, पण कंटाळते लवकर. त्याला वाटेत पाणी, पक्षी, दगड असे काहीतरी पाहायला हवे.

गतीचा हिशोब सोपा आहे. निरोगी माणूस आरामात तासाला चार किलोमीटर चालतो. लेकरे आणि म्हातारी माणसे बरोबर असली तर तीन धरा आणि दर तासाला वीस मिनिटे बसण्यासाठी ठेवा. म्हणजे सहा किलोमीटरची वाट कुटुंबाला जवळजवळ तीन तास घेणार. सकाळी साडेसहाला निघालात तर साडेनऊला परत. याहून मोठी वाट पहिल्या सहलीत घेऊ नये.

पाच कसोट्या

कोणतीही जागा पुढील पाच कसोट्यांवर घासून पाहावी.

पहिली कसोटी पाण्याची आणि शौचालयाची. माणशी निदान दोन लिटर पिण्याचे पाणी सोबत नेता आले पाहिजे किंवा वाटेत खात्रीने मिळाले पाहिजे. शौचालयाची चौकशी आधीच करा. ते नसेल तर आपल्या बाया सकाळपासून पाणीच पीत नाहीत. त्यातून लघवीची जळजळ, चक्कर आणि उष्माघात होतो, हे दवाखान्यातल्या प्रत्येक नर्सला माहीत आहे. जिथे बाईला निर्धास्तपणे शौचालयात जाता येत नाही ती जागा कितीही सुंदर असली तरी आपल्या यादीतून काढून टाकावी.

दुसरी कसोटी सावलीची आणि ऋतूची. बुलडाणा जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीसच्या वर जातो. त्या दिवसांत चालण्याची सहल काढूच नये. पावसाळ्याच्या शेवटी डोंगर हिरवे असतात, पण वाटा निसरड्या असतात आणि विंचू-सापही बाहेर असतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने सर्वांत चांगले. सकाळी थंडी असते, म्हणून दम्याच्या माणसाने कान-नाक झाकून आणि थोडे उशिरा निघावे.

तिसरी कसोटी चढ-उताराची. लोक चढाला घाबरतात, पण गुडघ्याला खरा त्रास उतार देतो. चढताना दम लागतो आणि बसले की तो जातो. उतरताना मात्र प्रत्येक पावलाला शरीराचा भार गुडघ्यावर आदळतो आणि दुखणे दुसऱ्या दिवशी कळते. ज्या जागी वरून खाली उतरून पुन्हा वर यायचे असते तिथे विशेष विचार करावा. खाली जाताना वाटते सोपे आहे आणि थकलेल्या पायांना शेवटी चढ येतो.

चौथी कसोटी परतीची. अर्ध्या वाटेवर कुणाला बरे वाटेनासे झाले तर रस्ता किती लांब आहे? तिथे १०८ ची रुग्णवाहिका येऊ शकते का? मोबाईलला रेंज आहे का? शेवटची एसटी किती वाजता? गोल फेरीपेक्षा "जायचे आणि त्याच वाटेने परतायचे" ही वाट कुटुंबासाठी चांगली, कारण थकवा आला त्या जागेवरून मागे फिरता येते.

पाचवी कसोटी मुक्कामाची आणि मानाची. रात्री राहायची जागा स्वच्छ, बंद दाराची आणि परवडणारी हवी. आणि तिथे स्वयंपाकाचा भार पुन्हा घरच्या बाईवर पडता कामा नये. स्टो, पिठाचा डबा आणि भांड्यांची गोणी घेऊन गेलो तर आईने फक्त चूल बदलली, सुटी तिला मिळालीच नाही. पहिल्या दिवसाची शिदोरी घरून न्यावी आणि दुसऱ्या दिवशी खानावळीत जेवावे. तेवढा खर्च सहलीत धरूनच चालावे.

मानाबद्दलही बोलले पाहिजे. १९३४ साली बाबासाहेब आंबेडकर सुमारे तीस सहकाऱ्यांसह वेरूळची लेणी पाहायला निघाले होते. वाटेत दौलताबादचा किल्ला पाहायला ते थांबले. प्रवासाच्या धुळीने भरलेले हातपाय त्यांच्यातल्या काहींनी दारातल्या हौदावर धुतले, आणि हौद बाटवला म्हणून लोक शिवीगाळ करत धावून आले. अखेर आत कुठेही पाण्याला हात लावायचा नाही या अटीवर, सोबत हत्यारबंद शिपाई देऊन, त्यांना किल्ल्यात सोडण्यात आले. बाबासाहेबांनी हा प्रसंग स्वतः लिहून ठेवला आहे. एक दिवस मोकळेपणाने हिंडावे, एवढीच त्या मंडळींची इच्छा होती.

आज दुकाने, हॉटेले, विहिरी, तलाव, रस्ते आणि सार्वजनिक ठिकाणे यांवर जातीच्या कारणाने बंदी घालता येत नाही, असे संविधानाच्या १५ व्या अनुच्छेदात स्पष्ट लिहिले आहे. म्हणून सरकारी निवास, वन विभागाचे संकुल, पुरातत्त्व खात्याची लेणी, धरणाचा परिसर या जागा जितक्या इतरांच्या तितक्याच आपल्या आहेत. तरीही लहान गावात मुक्काम ठरवताना आधी फोन करावा, नाव-गाव मोकळेपणाने सांगावे आणि खोली पक्की करून मगच निघावे. रात्री लेकराबाळांसह दारोदार फिरायची वेळ येऊ नये. जिथे पाणी मागताना मान खाली घालावी लागते तिथे चालून तब्येत सुधारणार नाही.

देऊळगाव राजाहून जाता येण्याजोग्या जागा

आता या पाच कसोट्या आपल्या परिसरातल्या जागांना लावून पाहू.

संत चोखासागर. खडकपूर्णा नदीवरच्या धरणाचा हा जलाशय आपल्याच तालुक्यात आहे. देऊळगाव मही हे चिखली रस्त्यावरचे गाव त्याच्या जवळ आहे. संत चोखामेळा यांचे जन्मगाव मानले जाणारे मेहुणाराजाही याच तालुक्यातले, म्हणून जलाशयाला हे नाव. १९४८ साली आपला अस्पृश्यांविषयीचा इंग्रजी ग्रंथ बाबासाहेबांनी ज्या तीन संतांच्या स्मृतीला अर्पण केला, त्यांत चोखामेळा आहेत. हिवाळ्यात पाणथळ कडेला पाणपक्षी दिसतात. जमीन बहुतेक सपाट आहे, त्यामुळे गुडघ्याला त्रास कमी. पण सावली थोडी आणि शौचालयाची सोय गावातच. म्हणून ही जागा मुक्कामासाठी नव्हे, अर्ध्या दिवसाच्या सरावासाठी घ्यावी. सकाळी जावे आणि ऊन तापायच्या आत परतावे. जिथे पाटबंधारे खात्याची मनाई असेल तिथे, आणि धरणाच्या दारांच्या खालच्या नदीपात्रात, कधीही उतरू नये. पाणी अचानक सोडले जाते. कडेच्या गाळात पाय रुततो, म्हणून लेकरांना पाण्याजवळ एकटे सोडू नये.

सिंदखेडराजा. इथून पंधरा किलोमीटरच्या आसपास. जिजाऊंचा जन्म झालेला लखुजी जाधवांचा राजवाडा, जाधवांच्या समाध्या, पुतळा बारव आणि मोती तलाव अशा जागा एकाच गावात आहेत. एका जागेवरून दुसरीकडे चालत जात गाव पाहता येते. बसायला जागा, चहा, पाणी आणि एसटी हे सगळे हाताशी आहे. ज्या घरात पंधरा मिनिटांच्या वर न चालू शकणारे माणूस आहे त्यांनी सुरुवात इथून करावी. मात्र १२ जानेवारीला जिजाऊ जन्मोत्सवासाठी इथे मोठी गर्दी लोटते. निवांत चालण्यासाठी दुसरा दिवस धरा.

अजिंठा. भोकरदन-सिल्लोडमार्गे शंभर किलोमीटरच्या आसपास. वाघूर नदीच्या वळणावर घोड्याच्या नालेसारख्या कड्यात कोरलेली तीस लेणी. हे आपल्या पूर्वसुरींच्या हातांचे काम आहे आणि आयुष्यात एकदा पाहायलाच हवे. पण चालण्याच्या दृष्टीने नीट विचार करा. लेण्यांपर्यंत पोचायला पायऱ्यांचा चढ आहे, लेण्या-लेण्यांतही पायऱ्या आहेत आणि दगडी वाट दुपारी तापते. खासगी गाड्या फर्दापूरजवळच थांबतात आणि पुढे बसने जावे लागते. सोमवारी लेणी बंद असतात. ज्यांना पायऱ्या अजिबात जमत नाहीत त्यांना पैसे देऊन डोलीने जाता येते. अजिंठा अभ्यासासाठी उत्तम, पण आरामाची सुटी म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या सहलीत ठेवावा.

छत्रपती संभाजीनगरची बौद्ध लेणी. जालनामार्गे नव्वद किलोमीटरच्या आसपास. विद्यापीठाच्या मागच्या डोंगरात ही लेणी आहेत. चढ अजिंठ्याहून लहान आहे आणि शहर जवळ असल्याने दवाखाना, रिक्षा, जेवण या गोष्टींची चिंता नाही. १९५० साली बाबासाहेबांनी सुरू केलेल्या मिलिंद महाविद्यालयाचा नागसेनवन परिसरही इथलाच. पण मुक्काम शहरात करावा लागतो, म्हणजे खोलीचे भाडे जास्त आणि रस्त्यावर वाहनांचा गोंगाट. नातेवाईक शहरात असतील तर मात्र ही जागा सोयीची.

बुलडाणा आणि ज्ञानगंगा अभयारण्य. चिखलीमार्गे सत्तर किलोमीटरच्या आसपास. बुलडाणा अजिंठ्याच्या डोंगररांगेत उंचावर वसलेले असल्याने हवा आपल्याकडच्यापेक्षा थंड. बुलडाणा-खामगाव रस्त्यावरचे बोथ्याचे जंगल पावसाळ्यानंतर डोळ्यांना सुख देते. यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला एक तरुण वाघ २०१९ मध्ये हजार किलोमीटरहून जास्त अंतर चालून याच ज्ञानगंगेत पोचला होता. गळ्यातल्या रेडिओ पट्ट्यामुळे त्याची सगळी वाट कळली. पण वाघाला जे जमते ते आपण करू नये. या जंगलात अस्वले आणि बिबटे आहेत. अस्वल माणूस अचानक समोर आला की पळत नाही, अंगावर येते. मोहाची फुले पडतात त्या मार्च-एप्रिलच्या दिवसांत पहाटे आणि संध्याकाळी धोका अधिक. जंगलात पायी जायचे नाही. वन विभागाच्या परवानगीने, ठरलेल्या वाहनातूनच जायचे. चालायचे असेल तर बुलडाणा शहराच्या परिसरात चालावे.

लोणार. सिंदखेडराजामार्गे साठ-पासष्ट किलोमीटर. आकाशातून आलेल्या अशनीच्या धडकेने काळ्या बेसॉल्ट खडकात पडलेला हा खड्डा सुमारे १.८ किलोमीटर रुंद आहे. कड्यापासून तळ्यापर्यंतची खोली सव्वाशे मीटरच्या वर आहे. तळ्याचे पाणी खारट आणि क्षारयुक्त, पिण्यास पूर्ण अयोग्य. जून २०२० मध्ये ते गुलाबी झाले होते. पाणी आटून खारटपणा वाढला आणि खारात जगणारे सूक्ष्मजीव वाढले, हे त्याचे कारण शास्त्रज्ञांनी शोधले. त्याच वर्षी या तळ्याला जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत स्थान मिळाले. आता कसोट्या पाहा. गाव कड्याला लागून आहे, म्हणजे पाणी, शौचालय, खानावळ, एसटी जवळ. पर्यटन विकास महामंडळाचे निवास आणि गावात लॉज आहेत. कड्यावरून चालण्यात चढ-उतार कमी. कमी पडते ती सावली. पण तो दोष लवकर उठून भरून काढता येतो.

पाचही कसोट्या एकत्र धरल्या तर पहिल्या दोन दिवसांच्या चालण्याच्या सुटीसाठी लोणार सर्वांत योग्य, असे आमचे मत आहे.

लोणारचे दोन दिवस

पहिल्या दिवशी सकाळची एसटी धरावी. पोचल्यावर शिदोरी खावी आणि दुपारी झोपावे. होय, सुटीत झोपणेही येते. साडेचारला कड्यावर जावे. वीस मिनिटे एका बाजूला चालावे, बसून तळे पाहावे आणि अंधार पडायच्या आत परतावे.

दुसऱ्या दिवशी साडेसहाला चहा-बिस्किटे घेऊन निघावे. कड्याचा पूर्ण घेर सहा किलोमीटरच्या जवळपास आहे, पण पूर्ण फेरीचा हट्ट नको. पाऊण तास जावे आणि त्याच वाटेने परतावे. कठड्याविना असलेल्या कडेपासून चार हात दूर राहावे आणि लेकरांचा हात सोडू नये. माकडांना खायला देऊ नये. एकदा सवय लागली की ती पिशव्या ओढतात.

तळ्यापर्यंत उतरायचे का? सव्वाशे मीटर म्हणजे चाळीस मजली इमारत उतरून पुन्हा चढण्यासारखे आहे. गुडघेदुखी, हृदयविकार, दमा असलेल्यांनी आणि गरोदर बायांनी वरच थांबावे. बाकीच्यांनी अभयारण्याचे नियम विचारून, प्रवेशाच्या वेळेत, घोळक्याने जावे. जे वर थांबले त्यांच्याजवळ घरातले एक तरुण माणूस ठेवावे. दुपारी जेवून परतीची एसटी धरावी.

खर्चाचा अंदाज

एसटीत सध्याच्या सवलतीनुसार महिलांना अर्धे तिकीट आहे. ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना अर्धे आणि ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत प्रवास आहे. वयाचा पुरावा म्हणून आधार कार्ड बरोबर घ्या. म्हणजे आजी, आई आणि मुलगी यांना घेऊन जाणे पुरुषांच्या टोळक्याच्या सहलीपेक्षा स्वस्त पडते. दोन-तीन कुटुंबांनी मिळून खोल्या घेतल्या तर मुक्कामाचा खर्चही वाटला जातो. महिला बचत गटात दर महिन्याला सहलीसाठी थोडी रक्कम वेगळी ठेवली तर हिवाळ्यापर्यंत कर्ज न काढता पैसे जमतात. सहलीसाठी उसनवारी मात्र करू नये.

महिनाभराची तयारी

शरीराला सवय नसताना एकदम तीन तास चालू नये. पहिल्या आठवड्यात रोज पंधरा मिनिटे, मग दर आठवड्याला दहा मिनिटे वाढवत जावे. चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, ही योग्य गती. बोलताही येत नसेल तर वेग कमी करा. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार प्रौढ माणसाने आठवड्याला निदान १५० मिनिटे मध्यम गतीची हालचाल करावी. ही तयारी सहल संपल्यावरही चालू राहिली तर खरा लाभ तोच.

आपल्या परंपरेत चालण्याला चंक्रमण म्हणतात. अंगुत्तर निकायात त्याचे पाच लाभ सांगितले आहेत : दूरचा प्रवास झेपतो, उद्योगाची ताकद येते, आजार कमी होतात, खाल्लेले पचते आणि चित्ताची एकाग्रता टिकते.

आजाराप्रमाणे घ्यायची काळजी अशी :

मधुमेह. उपाशीपोटी चालू नये. गोळी किंवा इन्सुलिन मनाने बंद करू नये, सहलीआधी डॉक्टरांना विचारावे. खिशात साखर किंवा ग्लुकोज असावे. हात थरथरणे, घाम, गोंधळल्यासारखे होणे ही साखर कमी झाल्याची खूण. लगेच तीन चमचे साखर पाण्यात घालून द्यावी. रोज रात्री तळपाय आणि बोटांच्या बेचक्या पाहाव्यात. मधुमेहात पायाला फोड आला तरी कळत नाही आणि त्याची जखम चिघळते.

रक्तदाब आणि हृदय. गोळ्या वेळेवर घ्याव्यात. छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, थंड घाम यांपैकी काही झाले तर तिथेच बसावे आणि १०८ ला फोन करावा. "गॅस असेल" म्हणून चालत राहू नये.

सिकलसेल. विदर्भातल्या आपल्या समाजात हा आजार आढळतो, म्हणून हा मुद्दा सोडू नका. रुग्णाला पाणी कमी पडले, फार दमणूक झाली किंवा थंडी लागली की अंगात असह्य वेदना सुरू होऊ शकतात. त्याने लहान वाट घ्यावी, दर वीस मिनिटांनी पाणी प्यावे आणि सकाळी ऊबदार कपडे घालावेत. वाहक माणूस एरवी ठणठणीत असतो, पण उन्हात पाण्याविना अतिश्रम त्यालाही घातक ठरू शकतात. तपासणी झाली नसेल तर जवळच्या सरकारी दवाखान्यात चौकशी करा. २०२३ पासून देशभर सिकलसेल निर्मूलन अभियान चालू आहे.

रक्तक्षय. थोडे चालले की धाप लागते, डोळ्यांपुढे अंधारी येते, अशा बाईला आळशी म्हणू नका. आधी हिमोग्लोबिन तपासा.

पिशवीत काय घ्यावे

आधीपासून वापरात असलेले बूट किंवा पट्ट्याची चप्पल, सुती मोजे, टोपी किंवा उपरणे, काठी, बॅटरी, रोजच्या गोळ्या, सॅनिटरी पॅड, पट्टी आणि ओआरएसची पाकिटे. सहलीसाठी नवे बूट विकत घेतले तर ते महिनाभर आधी घालून मऊ करावेत. ओआरएस नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ मिसळावे. खायला भाकरी, ठेचा, फुटाणे, शेंगदाणे, गूळ. तळलेले पदार्थ तहान वाढवतात.

अडचण आली तर

ऊन लागून माणूस बरळू लागला, अंग तापले तर सावलीत झोपवून ओल्या कापडाने पुसावे, वारा घालावा आणि १०८ बोलवावी. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये. साप चावला तर जखम कापू नये, चोखू नये, आवळून बांधू नये. पाय किंवा हात हलू न देता तडक दवाखान्यात न्यावे, मांत्रिकाकडे वेळ घालवू नये.

घरी करायचा अभ्यास

वहीत उभे सहा रकाने आखा. पहिल्यात जागेचे नाव. पुढच्या पाचात पाणी-शौचालय, सावली-ऋतू, चढ-उतार, परतीची वाट, मुक्काम-मान. प्रत्येक कसोटीला चांगले असेल तर दोन, चालण्यासारखे असेल तर एक आणि वाईट असेल तर शून्य गुण द्या. ज्या जागेला कोणत्याही एका रकान्यात शून्य मिळाले ती जागा, बाकीचे गुण कितीही असले तरी, या वर्षी सोडून द्या. गुण देताना घरातल्या बाईचे आणि सर्वांत म्हाताऱ्या माणसाचे मत आधी घ्या.

विहारातल्या पुढच्या रविवारच्या बैठकीत हा तक्ता घेऊन बसा. दोन-तीन कुटुंबांच्या वह्या जुळवून पाहिल्या की एकाच्या ध्यानात न आलेली गोष्ट दुसऱ्याच्या ध्यानात येते. तारीख ठरली की त्या दिवसापासून रोजची पंधरा मिनिटे सुरू करा.